मघा ते स्वाती : अंडी सोडलेल्या माशांसाठी चारा आणि आमिष

पोळा झाला, तलाव भरला, गढूळ पाणी जरा निवळलं की काठावर गळ लागतात. बहुतेकांच्या डब्यात आमिष मात्र मे महिन्यातलंच असतं: कणकेचा लिंबाएवढा गोळा आणि सोबत सरकी ढेपेचे खडे. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यात मासा दाटीनं असतो, खायला कमी असतं, तेव्हा ते चालून जातं. भादव्यात चालत नाही. तेव्हा मासा थकलेला असतो आणि त्याच्यापुढं आधीच भरपूर वाढलेलं असतं. थोडं, मऊ, बारीक आणि वरचेवर दिलं तरच तो एका जागी थांबतो. खाली दिलेली सगळी मापं याच हिशेबानं आहेत.

चारा म्हणजे मासा जमवायला पाण्यात टाकायचा माल आणि आमिष म्हणजे गळाला लावायचं खाणं. दोन्हींचा वास एकाच घरातला हवा. चाऱ्यात शेंगदाणा पेंड आणि गळाला निव्वळ मैदा लावला, तर मासा चारा खाऊन निघून जातो.

पाणी कधी आलं ते आधी बघा

रोहू, कटला आणि मृगळ वाहत्या, चढत्या पाण्यात अंडी सोडतात. मृगाचा पाऊस पडला तरी नदी-ओढ्याला पूर येऊन काठची जमीन पाण्याखाली जाईपर्यंत ते थांबून राहतात. त्यामुळे मराठवाड्यात सगळीकडे एक तारीख लागू पडत नाही. गोदावरीचं पाणी नाशिक-नगरकडच्या पावसावर येतं. बीड-जालन्याला आभाळ कोरडं असलं तरी पैठणच्या जायकवाडीत बऱ्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आवक सुरू होते. मांजरा आणि तेरणेचं तसं नाही. धनेगावचं मांजरा धरण किंवा माकणीचं निम्न तेरणा अनेकदा सप्टेंबरच्या परतीच्या पावसावरच भरतं. म्हणून गोदाकाठी जे मघात लागू पडतं (मघा १६-१७ ऑगस्टला लागतं) ते मांजराकाठी कधी कधी थेट हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. कॅलेंडर बाजूला ठेवा. पहिला मोठा पूर कोणत्या दिवशी आला आणि पाणी चढायचं कधी थांबलं, एवढं वहीत लिहून ठेवा आणि तिथून दिवस मोजा.

सायप्रिनसची (कॉमन कार्पची) रीत वेगळी. तो साचलेल्या पाण्यात, काठच्या गवताला आणि पाणवनस्पतींना चिकटणारी अंडी घालतो, आणि वर्षातून दोनदा: जानेवारी ते मार्च आणि पुन्हा जुलै-ऑगस्ट. पहाटे उथळ गवतात पाणी घुसळल्यासारखा आवाज येतो आणि शेपट्या वर दिसतात, तो हाच उद्योग. त्याच्यासाठी हा लेख फेब्रुवारी-मार्चमध्येही वापरता येतो. तेव्हा पाणी गार असल्यामुळे चाऱ्याची मापं निम्मी करायची.

शेततळ्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. शेततळ्यात सोडलेले रोहू, कटला, मृगळ तिथे अंडी सोडत नाहीत, कारण वाहतं पाणी नसतं. मादीच्या पोटात अंडी तयार होतात आणि पुढे शरीरातच जिरतात. त्यामुळे तिथं 'अंडी सोडलेला मासा' हा प्रकार फक्त सायप्रिनसपुरता. बाकीच्यांना रोज कोंडा-पेंडीची सवय लागलेली असते, त्यांना तेच लावा.

परवानगीचंही इथंच सांगून टाकतो. बहुतेक तलाव-धरणांवर मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. संस्थेला विचारल्याशिवाय बसू नका, आणि अंडी सोडायच्या दिवसांत तिथं बंदी पाळत असतील तर ती मोडू नका. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्यही आहे. तिथं वन विभागाचे नियम वेगळे लागू होतात.

मासा रिकामा झाला का?

पहिला मासा हातात आला की तो बघा. अंडी सोडलेल्या मादीचं पोट सैल, आत गेलेलं, कधी सुरकुतलेलं असतं. गुदद्वार लालसर आणि सुजरं दिसतं. कडेचे खवले निघालेले, शेपटीची टोकं फाटलेली असतात. डोकं शरीराच्या मानानं मोठं वाटतं. नराच्या छातीच्या परांना आतून हात लावला तर मोसमात खरखरीत लागतात. मोसम सरला की ते गुळगुळीत होत जातात.

पोट टम्म आणि मऊ असेल, हातात धरताच अंडी किंवा दुधासारखा पांढरा द्रव गळत असेल, तर त्या पाण्यात काम अजून चालू आहे. मासा लगेच सोडा आणि त्या जागेवरचे गळ उचला. एका मादीच्या पोटात किलोमागे लाखाच्या वर अंडी असतात. ती एक मादी पिशवीत गेली की तेवढी सगळी अंडी तिथंच संपतात. पोट दाबून तपासायचा प्रकार करू नका. नुसतं बघून कळतं.

अंडी सोडल्यावर पहिले चार-सहा दिवस मासा जवळजवळ खात नाही. संथ पाण्यात, झाडाझुडपांच्या आडोशाला पडून असतो. त्या दिवसांत कितीही भारी आमिष लावा, उपयोग नाही. उलट टाकलेला चारा कुजून जागा बिघडते. त्यानंतर दोन-तीन आठवडे तो थोडं थोडं खातो. मग सुटतो, आणि थंडी पडेपर्यंत वजन भरून काढतो.

थोडं आणि वरचेवर का

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हे सगळे कार्प जातीचे, आणि या जातीच्या माशाला पोटाची पिशवी नसते. घशातल्या दातांनी दळलेलं खाणं सरळ आतड्यात जातं. एकदम भरपेट खाऊन साठवणं त्याला जमत नाही. तो दिवसभर टिपत राहतो. अंडी सोडून थकलेल्या माशाला कडक, तेलकट, चोथ्याचं खाणं लवकर पचत नाही. एकदा आतडं भरलं की तो तासन् तास गळाकडे फिरकत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते: कुठं ज्वारी, कुठं टरबूज, कुठं चारापीक. पावसाळ्यात ती जमीन पुन्हा बुडते आणि तिच्यातली गांडुळं, हुमण्या, किडे, कुजकं गवत, सांडलेला दाणा, सगळं माशाला आयतं मिळतं. माजलगाव, येलदरी, इसापूर, कुठंही बघा, सप्टेंबरातला मासा याच पट्ट्यात असतो. म्हणजे तुमच्या चाऱ्याची स्पर्धा फुकटच्या पंगतीशी आहे. तिथं ढीग टाकून जिंकता येत नाही. वास आणि सोपेपणा यावरच जिंकायचं.

मऊ चारा

दोन गळकाठ्या आणि चार-पाच तासांच्या बैठकीसाठी (पहिल्या पंधरवड्यात यातला ३००-४०० ग्रॅमच, बाकी माती):

गव्हाचा बारीक कोंडा ५०० ग्रॅम
शेंगदाणा पेंड, भाजून कुटून चाळलेली, १५० ग्रॅम
फुटाण्याच्या डाळीचं पीठ १५० ग्रॅम
ज्वारीचं पीठ, कोरडं भाजलेलं, १०० ग्रॅम
काळा गूळ ३० ग्रॅम
मेथीची पूड १ सपाट चमचा
पाणी साधारण ४०० मिलिलिटर

पेंड विकत घेताना फोडून नाकाला लावा. शेंगदाण्याचा खमंग वास आला तर घ्या. खवट, कुबट वास किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर किती स्वस्त मिळाली तरी नको. बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही आणि ते माशाच्या यकृतावर जातं. चांगली पेंड मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतायची. वास सुटला की उतरवायची. करपली तर कडवट होते आणि रोहू तिला तोंड लावत नाही. ज्वारीचं पीठ वेगळं भाजा, दोन्हींना वेळ वेगळा लागतो.

गूळ पाण्यात विरघळवून घ्या. आधी फक्त कोंड्यावर निम्मं पाणी शिंपडून वीस मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग चारा तरंगतो. कोंड्याच्या पापुद्र्यात हवा अडकलेली असते, ती पाणी मुरल्याशिवाय निघत नाही. कोंडा ओला झाला की बाकीची पिठं मिसळा आणि उरलेलं पाणी थोडं थोडं घालत हातानं चोळा. मळायचं नाही. मळलं की चिकटा सुटतो आणि लाडू दगड होतो. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्यानं ढकलल्यावर फुटला पाहिजे. शेवटी पिठाच्या चाळणीतून एकदा घासून काढा, गुठळ्या राहणार नाहीत.

काठावर गेल्यावर बादलीत पाणी घेऊन एक लाडू टाका. तो लगेच बुडाला पाहिजे, तीन-चार मिनिटांत कडा सुटायला लागल्या पाहिजेत आणि दहा-बारा मिनिटांत त्याचा सपाट ढीग झाला पाहिजे. लाडू वरच फुटला तर चमचाभर मैदा घाला. वीस मिनिटांनीही अख्खा राहिला तर कोरडा कोंडा मिसळा.

आठ फुटांपेक्षा खोल पाणी असेल, किंवा ओढ असेल, तर चाऱ्यात तेवढीच काठची काळी चिकण माती मिसळा. खडे आणि मुळं काढून, चाळून घ्या. काळी माती लाडवाला वजन देते, तळाशी जाऊन हळू विरघळते आणि धुरळा उठवते. मासा येतो, पण पोट भरत नाही. अंडी सोडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी याहून चांगली युक्ती नाही, आणि ती फुकट आहे.

सरकी ढेप या काळात वापरू नका. तिच्यात चोथा जास्त असतो, आणि सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं जे माशाला मानवत नाही. करडईची पेंड सालासकट असते, तिच्यातही चोथा जास्त. सोयाबीनचं पीठ घालायचं असेल तर भाजलेल्या किंवा उकडलेल्या सोयाबीनचंच. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती शिजवल्यावरच निघतात. लातूरच्या बाजूला सोयाबीन स्वस्त मिळतं म्हणून कच्चं दळून टाकण्याची पद्धत पडली आहे. ती सोडा.

घुगऱ्या

मासा खायला सुटला, म्हणजे अंडी सोडून साधारण तीन आठवडे झाले, की चाऱ्यात दाणा घालायला सुरुवात करा. दाणा माशाला जागेवर धरून ठेवतो, कारण तो शोधत फिरतो.

अख्खी ज्वारी बारा तास भिजवा आणि वीस-पंचवीस मिनिटं उकळा. दाणा फुटून पांढरं तोंड दिसलं पाहिजे. मका पूर्ण चोवीस तास भिजवून अर्धा तास उकळा. कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या. हुलगे आठ तास भिजले तरी पुरतात, पण शिजवताना गाळ होऊ देऊ नका. शिजलेला दाणा नखानं चेपला गेला पाहिजे. कच्चा किंवा अर्धा भिजलेला दाणा कधीच टाकू नका: तो माशाच्या आतड्यात जाऊन फुगतो आणि थकलेल्या माशाला मारू शकतो.

शिजलेला मका आणि ज्वारी त्याच पाण्यात झाकून एक दिवस ठेवा. ताकासारखा आंबूस वास आला, वर थोडा फेस आला, की माल तयार. सप्टेंबरच्या उकाड्यात एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुजका वास सुटतो, मग तो जनावरालाही घालू नका. ते आंबूस पाणी फेकू नका. चारा भिजवायला साध्या पाण्याऐवजी तेच वापरा. गढूळ पाण्यात माशाला दिसत काही नाही, तो वासावरच येतो.

एका बैठकीला घुगऱ्या किती? पहिल्या दिवशी दोन मुठी. मासा हलताना दिसला तर अर्धा किलो. मोठ्या धरणात, हस्त-चित्रात, मासा जोरात असेल तेव्हा एक किलोपर्यंत जा, त्यापुढे नको.

गळाला काय लावायचं

मृगळ आणि सायप्रिनस तळाला खातात. पाणी गढूळ असताना, अंडी सोडून पहिले दोन आठवडे, त्यांच्यासाठी गांडूळच. ते मऊ आहे, पचायला हलकं आहे, आणि नव्यानं बुडालेल्या जमिनीत मासा तेच वेचत असतो. शेणखताच्या खड्ड्यातली बारीक लाल गांडुळं शेतातल्या जाड गांडुळांपेक्षा बरी. गळावर जास्त वळवळतात. आदल्या दिवशी काढून ओल्या गोणपाटात ठेवा, म्हणजे पोटातली माती निघून जाते आणि कातडी चिवट होते. ६ किंवा ८ नंबरच्या गळाला दोन गांडुळं मधोमध ओवा, टोकं मोकळी सोडा. पूर्ण गळ झाकायचा हट्ट नको. चाऱ्यातही चार-पाच गांडुळं चिरून मिसळा.

रोहूला कणीक. पण साधी नाही. १०० ग्रॅम गव्हाची कणीक, ५० ग्रॅम भाजलेल्या पेंडीची चाळलेली पूड, अर्धा चमचा गूळ, चण्याएवढा हिंग पाण्यात कालवून. घट्ट मळून ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवा आणि पुन्हा मळा. गोळा वाटाण्याएवढा, फार तर हरभऱ्याच्या घाट्याएवढा. रोहूचे ओठ झालरीसारखे असतात. तो गिळत नाही, कुरतडतो. लिंबाएवढा गोळा कुरतडून संपवतो आणि पाण्यावर तरंगणारं बूच नुसतं नाचत राहतं. गोळा लहान असेल तर गळासकट तोंडात जातो. कणीक गळावरून निघत असेल तर पिंजलेल्या कापसाचे दोन-तीन धागे तिच्यात मळा.

चिलापीचा (तिलापिया माशाचा) त्रास जिथे आहे तिथे कणीक टिकत नाही, पाच मिनिटांत गळ मोकळा. तिथं उकडलेले गोळे करा. १०० ग्रॅम रवा, ५० ग्रॅम भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, ५० ग्रॅम पेंड पूड, २ चमचे दूध पावडर आणि २ अंडी. पाणी घालायचं नाही. घट्ट गोळा मळा. सैल वाटला तर रवा वाढवा. बोराच्या बीएवढ्या, म्हणजे १० ते १२ मिलिमीटरच्या गोळ्या वळून उकळत्या पाण्यात मूठमूठ सोडा. वर तरंगल्या की दीड-दोन मिनिटांत काढा आणि सावलीत चार तास वाळवा. जास्त उकळल्या तर आतला वास पाण्यात जातो आणि उरतं ते रबर. खडखडीत वाळवू नका. थकल्या माशाला बाहेरून साल, आतून मऊ अशीच गोळी हवी.

या गोळ्या आणि मका गळात खुपसण्यापेक्षा गळाबाहेर लोंबत ठेवलेल्या बऱ्या. याला हेअर रिग म्हणतात. दीड वीत मऊ विणीची दोरी घ्या, टोकाला बारीक फास मारा. सुईनं गोळी किंवा मक्याचे दोन दाणे दोरीवर ओढा आणि फासात गवताची छोटी काडी अडकवा. दोरीचं लांब टोक गळाच्या डोळ्यातून ओवून घ्या आणि दोरी दांडीला अशी धरा की गोळी आणि गळाचा वाक यांत तीन-पाच मिलिमीटर अंतर राहील. मग दोरीचं लांब टोक डोळ्याकडून खाली सात-आठ वेढे घट्ट गुंडाळा आणि मागच्या बाजूनं पुन्हा डोळ्यातून बाहेर काढून ओढा. सायप्रिनस आमिष ओढून घेतो, पसंत नसेल तर थुंकतो. थुंकताना मोकळा गळ खालच्या ओठात रुततो. अंतर जास्त ठेवलं तर गळ तोंडात जात नाही, कमी ठेवलं तर गोळी गळाच्या टोकावर बसते. चुकतं ते इथंच. तंगूस (नायलॉनचा दोरा) ०.३० ते ०.३५ मिलिमीटर, शिसं १५-२० ग्रॅम आणि सरकतं असू द्या.

कटल्याचं सगळंच निराळं. त्याचं तोंड वर वळलेलं, खाणं पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून, आणि राहणं वरच्या थरात. पाणी लाल-काळं गढूळ आहे तोवर कटल्याच्या मागे लागू नका; पाण्यात त्याचं खाणंच तयार झालेलं नसतं. गढूळपणा बसून पाण्याला हिरवट झाक आली की सुरुवात करा. कोपरापर्यंत हात बुडवून बोटं बघा: बोटं जेमतेम दिसेनाशी होत असतील आणि पाणी हिरवट असेल, तर वेळ आली. आमिष पिठूळ हवं: बारीक कोंडा दोन भाग, फुटाण्याचं पीठ एक भाग, पेंड पूड एक भाग, ताकात सैलसर कालवून. ते स्प्रिंगवर (तारेच्या वेटोळ्यावर) दाबून बसवा. भोवती ४ ते ६ नंबरचे दोन गळ, दहा सेंटीमीटरच्या दोऱ्यांवर, प्रत्येकाला ज्वारीच्या दाण्याएवढा थर्माकोलचा तुकडा, म्हणजे गळ पिठाच्या ढगात तरंगत राहतो. बुचापासून खोली दोन ते चार फूट. दर पंधरा-वीस मिनिटांनी स्प्रिंग पुन्हा भरा; मोकळ्या स्प्रिंगभोवती कटला येत नाही.

गवत्याला (ग्रास कार्पला) पेंडीत रस नाही. त्याला बुडालेल्या बांधावरचं कोवळं गवत किंवा मक्याचं पान पुरतं.

जागा आणि हात

पाणी चढत असेल तर मासा नव्यानं बुडालेल्या जमिनीवर, तीन ते सहा फुटांत असतो. बुडालेला बांध, जुनी पाणंद, ओढा धरणाला मिळतो तो कोपरा, या जागा उन्हाळ्यात पाणी आटलेलं असतानाच बघून ठेवाव्यात. पाणी उतरायला लागलं, दरवाजे उघडले, की मासा लगेच खोलाकडे सरकतो. मग उथळात बसून राहण्यात अर्थ नाही. ओढ्याच्या जुन्या पात्राच्या कडेला, आठ-बारा फुटांवर या.

ऊन तापायच्या आत, सूर्योदयापासून साडेनवापर्यंत, आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी मासा खोलात असतो.

गळ टाकायच्या आधी लिंबाएवढे सहा लाडू, एका घोंगडीएवढ्या जागेत. इतकेच. मग अर्धा तास वाट बघा. बुडबुड्यांच्या ओळी उठल्या, पाण्यात मातीचा ढग आला, तर मासा तळाला उकरतोय. आता दर वीस मिनिटांनी एक लाडू, आवाज न करता, काठीच्या पुढ्यात. एक मासा लागला की त्यानंतर दोन लाडू, कारण धडपडीत बाकीचे पांगलेले असतात. काहीच हालचाल नसेल तर जास्त टाकून मासा येत नाही. तासभर थांबा, नाही तर जागा वीस-तीस पावलं बदला.

पहिल्या पंधरवड्यात अख्ख्या दिवसाला कोरडा चारा ३०० ते ४०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, बाकी माती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक किलो. हस्त-चित्रात मोठ्या धरणावर अडीच किलोपर्यंत, घुगऱ्यांसकट. गावच्या पाझर तलावात मासा कमी आणि पाणी थोडं. तिथं यातली निम्मी मापं.

रोज एकाच जागी जाणं शक्य असेल तर तीन दिवस नुसता चारा टाका, एकाच वेळी, चार लाडू. चौथ्या दिवशी गळ. या एका सवयीनं महागड्या अत्तरांपेक्षा जास्त मासा लागतो.

बिघडतं कुठे

पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. दोन-तीन दिवस ढगाळ गेले, किंवा बुडालेलं पीक पाण्यात कुजायला लागलं, की हे होतं. अशा दिवशी चारा शून्य. मासा खाणार नाही आणि कुजणारा चारा उरलासुरला प्राणवायूही खाईल.

तास-दोन तास चांगलं चाललं आणि अचानक सगळं बंद झालं, तर दोन कारणं असतात. एक तर तुम्ही जास्त टाकलंत. पाऊण तास काही टाकू नका, आमिष लहान करा, मासा परत येतो. दुसरं, मोठा मासा लागून सुटला आणि कळप बुजला. तेव्हा जागा बदललेली बरी.

तंगूस तळाजवळ कापलेला निघत असेल तर खेकडा आहे. आमिष तळापासून वीतभर वर उचला, म्हणजे बुचाची खोली कमी करा. आमिष जसंच्या तसं परत येतंय आणि बूच किंचित हलतंय, तर गोळा मोठा आहे. आमिषाला साबणाचा किंवा तंबाखूचा वास लागला असेल तर रोहू जवळ येऊन परत जातो; मळण्याआधी हात मातीनं आणि त्याच पाण्यानं धुवा.

मासा सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून टाका. अंडी सोडलेल्या माशाची बुळबुळ आधीच घासलेली असते. कोरड्या हातानं किंवा तापलेल्या दगडावर तो धरला तर उरलेलीही निघते आणि जखमेवर बुरशी चढते. ओलं गोणपाट अंथरा, हात ओले करा, गळ काढा आणि मासा पाण्यात उभा धरून ठेवा. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत हात सोडू नका.

धरणाच्या खालच्या अंगाला, सांडव्याच्या पात्रात बसू नका. विसर्ग वाढवल्यावर पाणी चढायला वेळ लागत नाही. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा येतात. कार्बनची गळकाठी विजेला वाट देते. लांब गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवा आणि काठ सोडा, झाडाखाली थांबू नका.

स्वाती लागता लागता, म्हणजे २३-२४ ऑक्टोबरच्या पुढे, पहाटेचं पाणी हाताला गार लागायला लागतं. मग घुगऱ्या कमी करत जा, पेंड ५० ग्रॅमवर आणा, दर वीस मिनिटांचा लाडू तासाला एक करा आणि सकाळी लवकर जायची घाई सोडा. ऊन पाण्यावर पडून तास-दीड तास झाल्यावर, दहानंतर, मासा हलतो.